अंजिराच्या डोळ्याला तेल

कानवाले काकांनी ज्याच्यावर कधी संशय घेतला नाही असा माणूस त्या गल्लीत उरला नव्हता. याचं त्यांना वाईट वाटत नसे. संशयावरच त्यांनी घर चालवलं होतं. पाणीपुरवठ्याच्या खात्यात ते गळती शोधायचे. लोखंडी गज रस्त्यावर उभा टेकवायचा, वरचं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाणी कुठून पळतंय ते ऐकायचं. वरून रस्ता कोरडा ठणठणीत. साहेबापासून पानवाल्यापर्यंत सगळे सांगायचे, "इथं काही नाही." काका म्हणायचे, "खणा." खणलं की चिखल निघायचा. खात्यात त्यांना कानवाले हे नाव पडलं आणि नोकरी सुटली तरी नाव सुटलं नाही.

घरीही तीच तऱ्हा. दूधवाला, डॉक्टर, सख्खा जावई, सगळ्यांना एकदा गज लावून झाला होता. जावयानं एकदा मिठाईचा डबा आणला, तर काकांनी आधी डब्याखालचा कागद उचलून पाहिला. "काय शोधताय?" बायकोनं विचारलं. "काही नाही," काका म्हणाले, "पण हा उगाच आणणारा नाही."

बायकोला सगळे थोरली म्हणायचे, कारण धाकटी पाठीमागच्याच घरात होती. त्याचीही गोष्ट आहे. थोरलीचं लग्न झाल्यावर काकांनी हे घर बांधायला काढलं. बांधायला एक तरुण गवंडी आला. बहिणीला मदत म्हणून धाकटी राहायला आली. घर पूर्ण व्हायच्या आत गवंड्याचं आणि धाकटीचं ठरलं. "भिंत ओळंब्यात होती, पण गवंडी नव्हता," असं काका पुढं कितीतरी वर्षं म्हणायचे. गवंड्यानं पाठीमागची जागा घेतली आणि स्वतःचं घर बांधलं. दोन्ही परसांच्या मधे भिंत घातली आणि तीत एक वाट ठेवली. चौकट बसवली, पण फळी कधी लावली नाही. दोघी बहिणींचं दिवसभर येणं-जाणं त्या चौकटीतून. पुढं धाकटीचे गुडघे गेले. रस्त्यानं वळसा घालून, चढ चढून यायचं म्हटलं तर तिला जमणारं नव्हतं. चौकट होती म्हणून बहीण होती.

अंजीर आलं ते दोघींच्या माहेरातून. त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, परसात एक जुनं झाड होतं. फळ लहान, साल जवळजवळ काळी, आत गर्द लाल, आणि गोडी अशी की बोटं एकमेकांना चिकटायची. तोडल्यावर ते दुसरा दिवस काढत नसे, म्हणून बाजारात कधी आलं नाही आणि कुणी लावलंही नाही. रस्ता रुंद करताना आबांचं परस गेलं. त्याआधी दोघींनी ओल्या फडक्यात गुंडाळून दोन काड्या आणल्या. एक या परसात रुजली, एक त्या. त्या जातीची जगात आता ही दोनच झाडं, अशी काकांची खात्री होती.

अंजीर काढणं कष्टाचं काम दिसत नाही, म्हणून बहुतेक जण ते नीट करत नाहीत. काका नीट करायचे. थंडीत छाटणी. लांब बाह्यांचा सदरा घालून, कारण चीक अंगाला लागला की कातडी भाजते. कापलेल्या जागी राख दाबायची. बुंध्यापाशी फुटलेले कोंब वेळच्या वेळी खुडायचे, नाहीतर झाड नुसतं झुडूप होतं. फळ झाडावरच पिकू द्यायचं, तोडल्यावर ते पिकत नाही. मान वाकली पाहिजे, सालीला पांढऱ्या चिरा पडल्या पाहिजेत, हात लावला की देठानं स्वतः सोडलं पाहिजे. ओढावं लागलं तर ते तुमचं नाही. ऊन तापायच्या आत काढायचं, पाटीत पानं घालून एकेरी मांडायचं, ढीग करायचा नाही. ढीग करणाऱ्या माणसाला काका दुसऱ्यांदा पाटी देत नसत.

आबांचं झाड उंच होतं म्हणून काकांनी आपलंही उंच वाढवलं. गवंडी आपलं झाड छाटून खांद्याएवढं ठेवायचे.

"हे झाड आहे की स्टूल?" काका चौकटीतून विचारायचे.

"आणि तू माणूस आहेस की वानर?" गवंडी परतफेड करायचे. "या वयात शेंड्यावर चढतोस."

दोघं साडू, पण बोलणं अरे-तुरेचं. दर मोसमात पहिली फळं आली की दोघं चौकटीच्या उंबऱ्यावर बसून एकमेकांचं अंजीर खायचे आणि दुसऱ्याचं कसं फिकं आहे ते सांगायचे. पंच म्हणून धाकटी. ती कधीच निकाल देत नसे.

त्या वर्षी गडबड झाली. शेंड्याची फळं आधी पिकतात, कारण ऊन त्यांना आधी मिळतं. खालच्या फांद्यांची नंतर. इतक्या वर्षांत यात कधी बदल झाला नव्हता. आणि एका सकाळी काका पाटी घेऊन गेले, तर खालच्या फांदीवर तीन-चार फळं माना टाकून तयार. शेंड्याची अजून हिरवी टणक. काकांनी पाटी खाली ठेवली. एक फळ उलटं करून पाहिलं. अंजिराच्या बुडाशी बारीक भोक असतं, त्याला डोळा म्हणतात. डोळा चकाकत होता. बोट लावलं तर बोट बुळबुळीत झालं. वास घेतला. तेल.

ही युक्ती त्यांना ऐकून ठाऊक होती. फळाचा डोळा लालसर झाला की त्याला तेलाचं बोट लावायचं. मग ते फळ थांबत नाही, थोड्याच दिवसांत फुगून पिकतं. बाजारात घाईनं माल न्यायचा असला की लोक असं करायचे. आबांना याची चीड होती. घाईचं फळ, असं म्हणून ते तोंड फिरवायचे.

काकांनी ते फळ खाल्लं. फिकं लागलं. म्हणजे लागायलाच हवं होतं.

काही चोरीला गेलं असतं तर काकांना समजलं असतं. इथं एकही फळ कमी नव्हतं. उलट कुणीतरी येऊन काहीतरी देऊन गेलं होतं, आणि काकांच्या मते देणाऱ्यावर नजर जास्त ठेवावी लागते. हे कुणाला सुचेल? ज्याला अंजीर कळतं त्याला. कुणाला येता येईल? ज्याला वाट आहे त्याला. कुणाचा फायदा? यंदा ज्याचं अंजीर गोड ठरेल त्याचा. तिन्ही वाटा एकाच चौकटीतून जात होत्या.

त्यांनी थापी मागायचं निमित्त केलं आणि पलीकडं गेले. गवंड्यांच्या पडवीत तेलाचा डबा होता. डब्यावर तेलकट चिंधी.

"तेल कशाला रे?"

"कुरकुर थांबवायला. खिडकीची आणि गुडघ्यांची."

"गुडघ्यांना हे तेल?"

"धाकटीच्या नाही, माझ्या. तू थापी कशाला नेतोयस? तुला ती धरता तरी येते का?"

काकांनी डब्याकडं पुन्हा एकदा पाहिलं. थापी घेऊन परतले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी झाडाखाली खुर्ची टाकली, तोंड चौकटीकडं, पाठ स्वयंपाकघराकडं. थोरली चहा तिथंच आणून द्यायची. धाकटी येऊन जायची. गवंडी येता-जाता टोमणा मारायचे.

"काय साडूभाऊ, पहारा?"

"ऊन खातोय."

"सावलीत?"

काका दुपारी जेवायला आत जायचे, पाच-दहा मिनिटं. बाहेर आले की एखाद्या नव्या डोळ्यावर चकाकी. माणूस किती टपून बसलाय पाहा, असं ते मनात म्हणायचे. मी उठायची वाट बघतो, आणि माझ्याच तोंडावर हसतो.

शेवटी एका संध्याकाळी ते चौकटीत जाऊन उभे राहिले आणि बोलून गेले.

"माझ्या झाडाला हात लावायचा नाही."

"कोण लावतंय?"

"तेल कोण लावतंय ते तुला माहीत आहे."

गवंड्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते हसले. "अरे, तू डोळ्यांत तेल घालून बसलायस, ते सांडलं असेल!" मग काकांचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं. "म्हणजे मी? मी तुझं फळ नासवीन?"

"डबा पाहिलाय मी. चिंधीसकट."

गवंडी चौकटीपासून एक पाऊल मागं सरले. मग म्हणाले, "तुम्ही जा आता."

तुम्ही. इतक्या वर्षांत तो शब्द त्या चौकटीतून कधी आला नव्हता. काकांना तो शिवीपेक्षा जास्त लागला, आणि लागला म्हणून ते जास्तच पेटले. चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणत त्यांनी टाकीमागं पडलेल्या विटा चौकटीपाशी आणायला सुरुवात केली.

सकाळी त्यांनी चौकट बुजवायला घेतली. वाळू-सिमेंटचा मसाला कालवला, वीट ठेवली, वर मसाला, वर वीट. गवंडी पलीकडं स्टुलावर बसून पाहत होते. माणूस रागात असला तरी हाडाचा गवंडी होता. त्याला राहवेना.

"विटा भिजवल्यात का?"

काकांनी मसाला पसरला.

"कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिते. मसाला नुसती वाळू होतो. भिजवा आधी."

काकांनी विचार केला, हा सांगतोय म्हणजे भिजवू नये. आणि कोरडी वीट उचलून ठेवली.

"सांधा मोडा, सांधा! सांध्यावर सांधा येतोय. खालच्या दोन विटांच्या मधोमध वरची बसायला हवी. अहो, ही भिंत आहे की पत्त्यांचा बंगला?"

"माझी भिंत आहे."

"ते दिसतंय," गवंडी म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले. पाहवत नव्हतं.

थोरली मागं येऊन उभी राहिली होती. भिंत गुडघ्यापर्यंत आली होती. पलीकडं धाकटी काठी टेकून उभी होती.

"अहो," थोरली म्हणाली, "थांबा. तेल मी लावलं."

काका वळले. तिच्याकडं नीट पाहिलं. मग हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"बहिणीचा नवरा म्हणून अंगावर घेतेस होय?"

"मी खरं सांगतेय."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत का? सगळ्या जगाला विचारलंत. मला विचारलंत?"

"विटा दे," काका म्हणाले.

तिनं दिल्या नाहीत. ती आत गेली. काकांनी स्वतः वाकून विटा घेतल्या. खांद्याएवढी भिंत झाली तेव्हा उजवा हात वर जाईना. वर्षभरापूर्वी बादली उचलताना तो लचकला, असं त्यांनी डॉक्टरला सांगितलं होतं. मग डाव्या हातानं ठेवल्या. दिवस मावळायच्या आत चौकट बुजली, वाकडी-तिकडी, पण बुजली.

त्यानंतरचे दिवस घरात आवाज नव्हता. थोरली बोलायची तेवढंच, मीठ हवं का, दार लावलं का. चहाचे दोन कप घेऊन ती सवयीनं परसात यायची, भिंतीपाशी थांबायची, एक कप तसाच परत न्यायची. पलीकडून धाकटीचा खोकला ऐकू यायचा. थोरली मान तिरकी करून ऐकायची, अगदी काका गजाला कान लावून ऐकायचे तशी. काका ते पाहायचे आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. पलीकडून मधेच खरवडल्याचा, ठोकल्याचा आवाजही यायचा. गवंडी भिंतीखालून इकडच्या झाडाच्या मुळांकडं खणत असतील, अशी काकांना भीती. त्यांनी बुंध्याभोवती माती दाबून पाहिली. घट्ट होती.

खबरदारी म्हणून त्यांनी भिंतीच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चुन्याची भुकटी टाकली. कुणी चढलं तर हात उमटणार.

मग खालच्या फांदीवर आणखी एका फळाचा डोळा चकाकला.

काका शिडी लावून भिंतीचा माथा पाहायला गेले. भुकटी जशी टाकली तशीच होती. त्यावर फक्त एका चिमणीची पावलं होती. ते खाली उतरले आणि शिडीच्या पायरीवर बसून राहिले. नोकरीत पहिल्याच आठवड्यात वरिष्ठ फिटरनं शिकवलेली गोष्ट होती ही. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करूनही पाणी वाहत असेल, तर गळती व्हॉल्व्हच्या अलीकडं आहे. त्यात वाद घालायला जागा नसते. अलीकडं दोनच माणसं राहत होती, आणि त्यातले एक ते स्वतः होते.

थोरली खालच्या फांदीपाशीच उभी होती. लपत नव्हती. हातात वाटी, आणि काडीच्या टोकाला कापूस. एक फळ तिनं उलटून पाहिलं आणि सोडून दिलं.

"ते का सोडलंस?" काकांनी विचारलं.

"डोळा हिरवा आहे अजून. लाल झाल्याशिवाय लावलं तर फिकं होतं. आई करायची, आबा दुकानी गेले की. ते तीच अंजिरं खायचे आणि आपल्या झाडाची तारीफ करायचे."

काकांना ते फिकं लागलेलं फळ आठवलं.

"कशाला पण?" ते म्हणाले. "घाई कसली तुला?"

थोरलीनं वाटी कट्ट्यावर ठेवली. "मागच्या मोसमात फांदी मोडली. तुम्ही शेंड्याशी होतात. एका हातावर लोंबकळत होतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. ओरडले असते तर हात सुटला असता तुमचा, म्हणून ओरडले नाही. तोंडात पदर कोंबून उभी राहिले. तुम्ही कसेबसे उतरलात, मोडकी फांदी सरपणात लपवलीत, आत आलात आणि म्हणालात, बादली उचलताना खांदा लचकला."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"आणि वर्षभर बोलली नाहीस."

"बोलले असते तर मुद्दाम चढला असतात. चढू नका म्हटलं की चढायचं, हा तुमचा स्वभाव मला नवा आहे का? म्हटलं, खालची आधी पिकली, पाटी खालीच भरली, तर वर जायचं कारण उरणार नाही. खालून पोटभर मिळाल्यावर कोण चढतं?"

काका तिच्याकडं पाहत राहिले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे रस्ते खणले होते. आपल्याला कुणी असं खालपर्यंत ऐकत असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. राग यायला हवा होता. तो येईपर्यंत लाजच आली.

"भिंत घालायच्या आधी हे सगळं सांगायचं होतंस."

"अर्धं सांगितलं होतं. ते तुम्हाला पचलं नाही."

ते उठले आणि भिंतीपाशी गेले. हातोडा आणायची गरजच पडली नाही. कोरड्या विटांनी मसाल्यातलं पाणी पिऊन टाकलं होतं. वरची वीट हलवली, ती सुटून आली. दुसरी आली. हातानं एकेक वीट काढून काकांनी बाजूला रचली. मान खाली घालून कंबरेपर्यंत आले, वर पाहिलं आणि थांबले. मागं उजेड दिसायला हवा होता. मागं दुसरी भिंत होती.

ती त्यांनी बांधलेली नव्हती. सांधा मोडून, ओळीत, सांध्यांच्या फटी, म्हणजे दर्जा, भरून, पुसून घेतलेली. तो खरवडल्याचा, ठोकल्याचा आवाज हा होता. त्यांनी बोटानं दाबलं. हातानं ढकललं. खांद्यानं रेटलं तेव्हा खांदाच कळवळला. रागावलेल्या गवंड्याची भिंत होती ती.

"आता?" थोरलीनं विचारलं.

"आता रस्त्यानं," काका म्हणाले, आणि सदरा बदलायला आत गेले.

वळसा लांबचा होता, शेवटी चढ. त्या घराच्या पुढच्या दारी काका कधी गेलेच नव्हते, नेहमी मागूनच. दारावर गवंड्यांचं नाव लिहिलेलं आहे हेही त्यांना आजच कळलं. धाकटीनं दार उघडलं. तिनं या म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

"ताई कशी आहे?" तिनं विचारलं.

"ठीक आहे. बोलत नाही माझ्याशी."

"शहाणी आहे."

आतून आवाज आला, "कोण पाहुणे?"

"भावोजी आलेत. पुढच्या दारानं."

गवंडी बाहेर आले. हात पाठीशी. "बोला."

काकांनी वाटेत बरंच काही जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "तेल थोरली लावत होती."

"ते धाकटीनं मला त्याच दिवशी सांगितलं."

"मग तू भिंत का घातलीस?"

"तुम्ही घातलीत म्हणून. आणि तुमची टिकणार नव्हती. उघड दिसत होतं."

काका खाली पाहत म्हणाले, "चुकलो मी."

गवंडी त्यांच्याकडं डोळे बारीक करून पाहत होते, जसं काका दुसऱ्यांकडं पाहायचे. "हे थोरलीनं म्हणायला सांगितलं?"

"नाही."

"खरं?"

"आता तू सुरू करू नकोस," काका म्हणाले. धाकटी खुदकन हसली आणि आत वळली.

गवंड्यांनी छिन्नी आणि हातोडा आणून त्यांच्या हातात दिला. "फोडायची तुम्ही. वीट एकही मोडायची नाही, चांगल्या विटा आहेत. सांध्यात छिन्नी धरा, विटेवर नाही." आणि स्टूल ओढून बसले.

काकांनी सुरुवात केली. पहिली वीट निघायलाच घाम फुटला. गवंडी पाहत होते, छिन्नी सरकली की च् च् करत होते. वरच्या थराला हात पोचवताना काकांचा दंड अर्ध्यात अडला. त्यांनी हातोडा डाव्या हातात घेतला.

"उजवा वर जात नाही?" गवंडी म्हणाले. "पडलास का झाडावरून?"

तुम्ही जाऊन तू परत आलं होतं. काकांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

"पडलो नाही. लोंबकळलो."

"मूर्खा," गवंडी म्हणाले, आणि उठले. छिन्नी काढून घेतली. "वरचे थर मी काढतो, खालचे तू. वीट खाली देतो ती धर. टाकू नकोस." दोन ठोक्यांत वीट सुटली. पलीकडं थोरलीचा चेहरा दिसला, अर्धा, कपाळापासून नाकापर्यंत. धाकटी काठी टेकत पुढं आली. दोघी भोकातून काहीतरी बोलायला लागल्या आणि या दोघांकडं त्यांनी लक्षच दिलं नाही.

"शेंड्याची यंदा कोण काढणार?" गवंड्यांनी वीट देता देता विचारलं.

"राहू दे. पाखरं खातील."

"पाखरं कशाला? मी बांबूची परांची बांधतो झाडाभोवती. भिंतीला बांधतात तशी. फांदीवर पाय न ठेवता सगळं झाड हाताशी. मी वर उभा राहीन आणि काढीन."

"तू? वरच्यावर खाशील."

"खाईनच."

काकांनी वीट घेतली, इतर विटांवर नीट बसवली, सांधा मोडून. "मग मी खाली थांबतो."

"पाटी धरायला?"

"लक्ष ठेवायला," काका म्हणाले.